गजानन कुठूनच जात नाही

इंग्लंडातल्या एका खेड्यात, भर रविवारी दुपारी, वीस-बावीस माणसं बसलेली एक बस दार उघडं टाकून चार मिनिटं उभी होती. बिघाड काही नव्हता. फक्त गजानन ढुमणे तिच्यातून उतरला होता.

तिकडे बसमधून उतरताना लोक ड्रायव्हरला ‘थँक यू’ म्हणतात आणि आपल्या वाटेला लागतात. गजाननने आपली बॅग खाली उतरवली, मागे वळला, एक हात वर केला आणि भरल्या आवाजात म्हणाला, “ओके सर. आय ॲम कमिंग.” आणि चालू लागला. ड्रायव्हर बिचारा सज्जन. हा येतो म्हणाला म्हणजे येणार, अशा हिशोबाने थांबून राहिला. शेवटी खिडकीतून डोकं काढून त्याने विचारलं, “येतोयस की नाही?” गजाननने लांबूनच पुन्हा हात हलवला, “येस येस, कमिंग!” आणि रस्ता ओलांडून मेंढ्या बघायला गेला.

मी काय करत होतो? मी बसच्या वेळापत्रकाच्या खांबाआड उभा राहून, या माणसाला आपण जन्मात पाहिलेलं नाही असा चेहरा करत होतो. इंग्लंडातल्या दीड वर्षात हा चेहरा मला फार चांगला जमायला लागला होता.

आम्ही दोघंही यवतमाळ जिल्ह्यातले. तो पांढरकवड्याजवळच्या केळापूरचा, मी घाटंजीचा. पण माझी गोष्ट वेगळी होती, असं मी समजत होतो. मी दहावीनंतर पुण्यात शिकलो आणि ‘मले’, ‘तुले’, ‘काहून’ हे सगळं सामान पहिल्याच वर्षी टाकून दिलं. त्यामुळे इंग्लंडात आल्यावर कोणी गाव विचारलं की मी ‘नागपूर साइड’ म्हणायचो. तरी एकदा वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात आईशी फोनवर बोलताना माझ्या तोंडून ‘हाव’ निघून गेलं. एकच ‘हाव’. कोपऱ्यात वांग्याची भाजी परतत असलेला एक बुटका, रुंद माणूस तिथंच झारा हातात घेऊन वळला.

“कोनतं गाव, भाऊ?”

“नागपूर साइड.”

“साइड म्हंजे?”

“यवतमाळ.”

“यवतमाळात कोनतं?”

“घाटंजी,” मी हळूच म्हणालो.

“अबे मंग नागपूर कायले सांगतं? आपन शेजारी आहो!” असं म्हणून त्याने मला मिठी मारली. झारा माझ्या पाठीला लागला. नव्या स्वेटरवर तेलाचा डाग पडला तो शेवटपर्यंत निघाला नाही, आणि गजाननही तसाच.

तो मातीचा अभ्यास करायला आला होता. मी व्यवस्थापन शिकत होतो. वर्गातल्या इंग्रज मुलांनी त्याचं ‘गॅझ’ केलं आणि त्याला त्याचा कोण आनंद. “पाय नं, गावात माय गजू म्हनते, इथं गॅझ. फरक काय आहे?” फरक काय आहे हे त्याला कळत असतं तर हा लेख लिहावा लागला नसता.

आम्ही दर रविवारी फिरायला जायचो. एवढा तुच्छ वाटत होता तर गेलास कशाला, असं वाचणाऱ्याला वाटेल. तर मला इंग्रज मित्र नव्हते, हे इथंच सांगून टाकतो. वर्गातली मुलं ‘कधीतरी भेटू या’ म्हणायची. ते ‘कधीतरी’ कधीच आलं नाही. गजानन मात्र रविवारी सकाळी आठ वाजता दारावर थाप मारायचा, “चाल बे, साहेब.”

आणि त्याच्यासोबत ती बॅग. वांग्याच्या रंगाची, चाकांची, विमानप्रवासाची मोठी बॅग. तिचं एक चाक तुटलेलं, हँडलला विमान कंपनीची कागदी पट्टी तशीच चिकटलेली. लोक सहलीला पाठीवर छोटी पिशवी घेऊन जातात. गजानन म्हणायचा, “घरून निघाचं म्हंजे सामान लागते.” सामानात पोळ्या, ठेचा, भाजी, चिवडा, सतरंजी, दोन स्वेटर, आणि एक रिकामा डबा, कशासाठी ते मला कधी कळलं नाही. जुन्या गावांतल्या दगडी रस्त्यांवर ती बॅग अशी खडखडायची की लोक खिडक्यांचे पडदे सरकवून बघायचे. एका किल्ल्याच्या दारावरची बाई तर घाबरून म्हणाली, “इथं राहण्याची सोय नाही.”

किल्ला बघून गजाननने माझी जी शोभा केली ती वेगळीच. मी महिनाभर त्या किल्ल्याबद्दल वाचून गेलो होतो. तो आत शिरला, एक फेरी मारली, आणि सर्वांना ऐकू जाईल असं बोलला, “पडकं आहे नं हे. आमच्या गावचं गोदाम असंच पडलं तं सरकारनं नोटीस देल्ली, पाडून टाका म्हने. इथं तिकीट लावते!” मग खाली वाकून त्याने चिमूटभर माती उचलली, बोटांत चोळली आणि मान हलवली. “हलकी आहे. पऱ्हाटी नाई येनार.” कापूस पेरायला कोणी त्याला बोलावलं नव्हतं. पण इंग्लंडातल्या प्रत्येक ठिकाणाला तो या एकाच परीक्षेला बसवायचा आणि सगळी ठिकाणं नापास व्हायची.

त्याने आयुष्यात समुद्र पाहिला नव्हता. मी मुद्दाम नेलं. वाटलं, इथं तरी हा माणूस गप्प होईल. झालाही. पाच मिनिटं पाण्याकडे बघत उभा राहिला. मी आदराने थोडा लांब सरकलो. मग म्हणाला, “पानी गंज आहे, लागन तेवढं. पन खारं. वलिताले काही कामाचं नाई.” आणि सतरंजी पसरून पोळ्या काढल्या.

हे सगळं मी सोसलं असतं. खरा छळ सुरू व्हायचा तो निघताना. गजाननला कुठूनही निघताच यायचं नाही. किल्ल्यातून बाहेर पडला की दाराकडे वळून “येतो.” समुद्राला “येतो.” बाकाला, पुलाला, एकदा तर एका मेंढीला. माणसं असली की मराठीत भागायचं नाही, म्हणून मग “ओके, आय ॲम कमिंग.”

याचे परिणाम काय झाले असतील याची कल्पना करा. त्याच्या प्राध्यापकांनी त्याला प्रबंधाबद्दल बोलायला बोलावलं. बोलणं झालं. हा उठला, “ओके सर, आय ॲम कमिंग,” म्हणाला आणि खोलीवर येऊन भात लावला. प्राध्यापक पुढच्या विद्यार्थ्याला बाहेर थांबवून पाऊण तास याची वाट बघत बसले. त्यांना वाटलं, गॅझ कागद आणायला गेलाय. ग्रंथालयाच्या रखवालदाराने त्याच्यासाठी दार बंद करायचं थांबवलं. एका केशकर्तनालयात त्याची खुर्ची कोणाला देईनात.

मी त्याला बसवून शिकवलं. अगदी फळ्यासारखा कागद भिंतीला लावून. “निघताना ‘बाय’ म्हणायचं. किंवा ‘आय ॲम लीव्हिंग’. ‘आय ॲम गोइंग’. साधं आहे.”

“गोइंग म्हंजे जातो नं?”

“हो.”

“जातो कायले म्हनू?” त्याचे डोळे खरोखर विस्फारले. “जातो म्हनते का कोनी? आमच्याकडं तं फक्त मेलेला मानूस जाते. बाकी सारे येतेत.”

“हे इंग्लंड आहे, गजानन.”

“इंग्लंड असो का अमेरिका. मानूस तोच आहे नं?”

मी कागद काढून टाकला. एवढं शिकून, एवढ्या लांब येऊन माणूस एका शब्दाला घाबरतो, याची मला कीव आली. माझ्या आईलाही ‘जातो’ चालत नाही, हे मला तेव्हा आठवलं नाही. आठवलं असतं तरी मी कबूल केलं नसतं.

मग ते टी-रूमचं प्रकरण झालं. आमच्या शहरातून सुटणाऱ्या एका बसचा शेवटचा थांबा म्हणजे एक चिमुकलं खेडं. तिथं चर्चला लागून एक सभागृह होतं आणि त्यात रविवारी दोन ते चार एक म्हातारी चहा द्यायची. वय ऐंशीच्या पुढे, पाठ वाकलेली, लिपस्टिक मात्र नीट लावलेली. नाव जीन.

“जीन?” गजानन खूश होऊन ओरडला. “आजी, इन माय टाउन, फोर जीन!”

पांढरकवड्याला सरकी काढणाऱ्या चार जीन आहेत, असं त्याला सांगायचं होतं. म्हातारीला वाटलं, याच्या गावात आपल्याच नावाच्या चार बायका आहेत. तिने त्यांच्या तब्येती विचारल्या. गजाननने सांगितलं, दोन बंद पडल्या, एक आगीत जळाली, एक चालू आहे. म्हातारीने छातीवर हात ठेवला. मी मध्ये पडून खुलासा करायला हवा होता, पण मला हे संभाषण कुठवर जातं ते बघायचं होतं.

त्याने तिच्या गोड पावाला ठेचा लावून दिला. तिने तो खाल्ला, डोळे मिटले, दोन ग्लास पाणी प्यायली आणि म्हणाली, “लव्हली.” इंग्रज माणूस कशालाही लव्हली म्हणतो, पण गजानन तेवढ्यावर फुगला. निघताना अर्थातच, “ओके आजी, आय ॲम कमिंग.”

पुढच्या रविवारी मी त्याला दुसरीकडे नेलं. त्याच्या पुढच्या रविवारी आम्ही तिथून पुढे जाणारी दुसरी बस धरायला त्या खेड्यात उतरलो, तर म्हातारी सभागृहाच्या दारातच उभी. तिने गजाननला ओळखलं आणि हसून म्हणाली, “गॅझ, गेल्या रविवारी मी सहापर्यंत किटली ठेवून बसले होते.”

चारला बंद होणारी टी-रूम सहापर्यंत. मला जमीन दुभंगावी असं वाटलं. मी पुढे होऊन माझ्या चांगल्यातल्या चांगल्या इंग्रजीत सगळं समजावून सांगितलं. आमच्या भाषेत निघताना येतो म्हणतात, त्याचा अर्थ जातो असा असतो, त्याला परत यायचं मुळीच नव्हतं, गैरसमजाबद्दल क्षमस्व. म्हातारी ऐकत होती. मग “ओह,” म्हणाली आणि हातातला नॅपकिन घडी करू लागली. तो आधीच घडी केलेला होता.

गजाननने माझ्या बरगडीत कोपर मारलं. “कायले सांगतलं बे?” आणि तिच्याकडे वळून ठासून म्हणाला, “नो आजी. ही इज राँग. कमिंग मीन्स कमिंग.”

संपलं. त्या दिवसापासून आमचा प्रत्येक रविवार त्या खेड्यात. इंग्लंडात पाहण्यासारखं एवढं असताना मी आठवड्यामागून आठवडे एका सभागृहात बसून एका म्हातारीला चिवड्यातले दाणे वेगळे करताना पाहिलं. मी कुरकुर केली की गजानन म्हणायचा, “तिले येतो म्हनलं नं आपन.” आपण! मी कधी म्हणालो?

टी-रूम दोनला उघडायची. त्याच्या आधी तो बाहेरच्या बाकावर बसून घरी फोन लावायचा. केळापूरला तेव्हा संध्याकाळ झालेली असायची. “जेवली का? गोळी घेतली का? काहून नाई घेतली? बरं, ढोरं आले का घरी?” एवढं दहा मिनिटांत संपायचं. पण फोन खाली यायचा नाही. नुसता कानाला लावून बसायचा. वीस-वीस मिनिटं. जवळ बसलं की पलीकडचं ऐकू यायचं, भांड्यांचे आवाज, कोंबड्या, हायवेवरच्या ट्रकचा हॉर्न. बोलणारं कोणी नसायचं. मग कधीतरी पलीकडून कोणीतरी फोन बंद करायचं, तेव्हा हा उठायचा. बोलायचं नाही तर फोन ठेव, इतकी साधी अक्कल नसावी माणसाला!

एकदा त्याने हा फोन टी-रूमनंतर लावला आणि आमची बस गेली. पुढची दोन तासांनी. बाहेर बोचरा वारा. मला दुसऱ्या दिवशी निबंध द्यायचा होता. मी त्याला वाट्टेल ते बोललो. गावंढळ म्हणालो, बावळट म्हणालो, तुझ्यामुळे मला या देशात तोंड दाखवायला जागा राहिली नाही म्हणालो. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग सतरंजी काढून माझ्या खांद्यावर टाकली आणि बाकावर बसला.

“फोन ठेवता येत नाई बे मले,” तो म्हणाला. “मी इकडं निघालो त्या दिशी माय फाट्यावर आलती. एसटीत चढतानी मी म्हनलं, येतो. ते तिथंच बसली. दादानं घरी आनली. आता तिच्या डोकशातून एकेक चाललं. काल जेवली का नाई आठवत नाई. पन येतो म्हनलं हे नाई जाऊन राह्यलं. फोनवर येतो म्हनलं का दुसऱ्या दिशी दुपारपासून फाट्यावर जाऊन बसते. उन्हातानात. वहिनी म्हने, भाऊजी, हात जोडते, फोनवर येतो नका म्हनू.”

“मग बाय म्हण.”

“म्हनलं एक बार. ते म्हने, कोन बाय? कोन बाय आहे रे तुह्याजवळ? तीन दिवस घरात तमाशा. वहिनीनं माह्या खोलीचे फोटो मागवले.”

मला हसू आलं. तोही हसला. मग म्हणाला, “आन जातो म्हनू मायले? म्हनून नुसता फोन धरून ठेवतो. ते विसरून जाते फोन हातात आहे म्हनून. मंग वहिनी बंद करते.” त्याने बॅगेचं तुटकं चाक पायाने फिरवलं. “तिथं म्हनता येत नाई, तं इथं म्हनतो. दिसन त्याले. तोंडात आलेलं कुठं तरी म्हना लागते नं.”

यावर मी काय म्हणालो, ते लिहायला आज जड जातं. मी म्हणालो, “पुढची बस नक्की आहे ना रविवारी?”

अभ्यासक्रम संपला. पुढे दोन वर्षं तिथं राहता येत होतं. त्याला माती तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत नोकरीही मिळत होती. ती त्याने नाकारली आणि परतीचं तिकीट काढलं. मी त्याला एक अख्खी दुपार मूर्खात काढलं. आई सांभाळायला दादा आहे, वहिनी आहे, तू जाऊन करणार काय? त्याने कढईवरचं झाकण काढलं. वांग्यांना तेल कमी पडलं का, एवढंच विचारलं.

विमानतळाच्या बसपर्यंत मी त्याला सोडायला गेलो. सकाळची वेळ. वांगी रंगाची बॅग बसच्या पोटात गेली. आता हा वळणार, हात वर करणार, आणि ड्रायव्हरसकट सगळ्यांची पंचाईत करणार, म्हणून मी तयारीत उभा होतो. तो वळला आणि म्हणाला, “जातो.”

“काय म्हणालास?”

“जातो म्हनलं. इथं कोनी बसलं नाई माह्यासाठी. एक जीनआजी सोडून.” त्याने माझा हात धरला. “गेल्या रविवारी सांगाले गेलतो तिले. सारं सांगतलं, निघतानी तोंडातून तेच निघालं, आय ॲम कमिंग. ते खूश झाली. तू जाऊन सांग. गॅझ गेला म्हना. कमिंग नाई म्हना, गेला म्हना. नाईतं बसन ते किटली ठेवून.”

“सांगतो,” मी म्हणालो.

मी गेलो नाही. एका रविवारी पाहुणे होते, एका रविवारी थंडी होती. मग नोकरी लागली. विसरलो म्हणायला हरकत नाही, पण ते खोटं आहे. त्या म्हातारीसमोर गजाननशिवाय बसायचं म्हणजे आपणच काहीतरी बोलायचं, आणि माझ्याकडे बोलण्यासारखं काही नव्हतं.

यंदा बहिणीच्या लग्नासाठी घरी आलो. पत्रिका वाटायला पांढरकवड्याला गेलो होतो. संध्याकाळी पाचच्या सुमारास स्टँडवर उभा होतो, तर चहाच्या टपरीमागून वांगी रंगाची बॅग बाहेर आली. तेच तुटकं चाक, तीच पट्टी, आता पिवळी पडलेली. मागोमाग गजानन. चांगला जाड झालेला.

पुन्हा तीच मिठी. या वेळी झारा नव्हता.

“कुठून येतोयस?” मी विचारलं.

“इंग्लंडवरून,” तो म्हणाला.

“पुन्हा गेला होतास?”

“नाई बे. सकाळपासून वावरात होतो. चाल, पाच मिनिटाचा रस्ता आहे. मायले भेट.”

नागपूरहून आदिलाबादकडे जाणारी एसटी लागली. गर्दी होती म्हणून मी त्याची बॅग उचलायला गेलो आणि मागच्या मागे पडता पडता वाचलो. बॅग पूर्ण रिकामी होती. कंडक्टर तिकिटाचं यंत्र सावरत आला आणि म्हणाला, “आले का लंडनवाले? एक केळापूर फाटा. आज पाव्हनाबी आहे वाट्टे.” आजूबाजूचे लोक हसले. गजाननही हसला. एवढा शिकलेला माणूस रोज मोटरसायकल टपरीवर ठेवून, रिकामी बॅग घेऊन, एका थांब्यासाठी एसटीत बसतो, हे अख्ख्या गाडीला माहीत होतं. मला फार राग आला. हा माणूस इथंही स्वतःचं हसं करून घेतोय, आणि आता माझंही.

फाट्यावर गाडी थांबली. सिमेंटच्या बाकावर एक लहानखुरी म्हातारी बसली होती. शेजारी पाण्याचा लोटा, त्यावर वाटी झाकलेली. गाडीचं दार उघडलं तशी ती उठून उभी राहिली आणि उतरणाऱ्या एकेकाचं तोंड बघू लागली. आधी मी उतरलो. माझ्यावरून तिची नजर पुढे गेली.

गजानन बॅग घेऊन उतरला. “आलो, माय.”

“आला का रे बाप्पा!” तिने त्याच्या तोंडावरून दोन्ही हात फिरवले. “किती वाळला रे! खाले देत नव्हते का तिथं?”

“देत होते. पन तुह्या हातचं नव्हतं.”

तिने त्याला पाणी दिलं. मग त्याच्या हातातून बॅग ओढून घेतली. तो नको म्हणाला नाही. ती ओढत पुढे निघाली आणि ते चाक गावच्या रस्त्यावर खडखडू लागलं.

“रिकामी काहून ते कळलं नं आता?” गजानन हळूच म्हणाला. “भरली असली तं तिले ओढवत नाई. आन दुसऱ्या कोनाले हात लावू देत नाई.”

“पण तू तर घरीच असतोस.”

“घरी दिसतो तो तिले दादा वाटते. गजू तं एसटीनंच येते. दुपार झाली का निघते फाट्यावर. येतो म्हनलं होतं म्हनते.” त्याने रस्त्यातला एक दगड पायाने बाजूला केला. “तं मंग येतो रोज.”

दीड वर्ष मी या माणसाला ज्यावरून हसलो, चिडलो, खांबाआड लपलो, ते सगळं एकदम समोर आलं आणि मला माझी शरम वाटली. सतरंजी खांद्यावर टाकणाऱ्या माणसाला मी बसची वेळ विचारली होती.

“जीनआजी काय म्हने?” त्याने विचारलं. “सांगतलं नं तिले, मी गेलो म्हनून?”

हो म्हणणं सोपं होतं. ओठावरही आलं होतं. पण पुढे ती म्हातारी बॅग ओढत चालली होती.

“नाही सांगितलं,” मी म्हणालो.

तो चालायचा थांबला. मला वाटलं, आता शिव्या देईल. द्यायला हव्या होत्या. तो एवढंच म्हणाला, “मंग ते बसत असन बे.”

समोरून पांढरकवड्याकडे जाणारी एसटी दिसली. मी घाईघाईने म्हणालो, “येतो.” इतक्या वर्षांत प्रथमच.

“नाई,” गजानन म्हणाला. “तू जा. पयले तिथं जा.”

पुढून हाक आली, “गजू, चाल नं रे, भाकर थंडी होते!” आणि तो धावतच तिच्या मागे गेला. माझी एसटी हात दाखवूनही थांबली नाही. पुढची अर्ध्या तासाने होती. मी त्या सिमेंटच्या बाकावर बसलो, गजानन गेल्यापासूनचे रविवार मोजू लागलो, आणि तिसाच्या आसपास मोजणं सोडून दिलं.